मंगळवारची चाल

ऋतुजा सरकटे रोज सकाळी लोणारला फिरायला जायची.

लोणार तेव्हा सत्तावीस कोटी किलोमीटर मागे राहिलं होतं आणि ती स्वतः 'कृत्तिका' यानाच्या भिंतीला बांधलेल्या एका पिशवीत, हाताची घडी घालून, डोळे मिटून तरंगत असायची. पण जायची. आधी पाय निघायचे, मागून ती.

पिशवीत तिच्या पायांना कंबरेपासून घोट्यापर्यंत चालपट्टे गुंडाळलेले असत. पट्ट्यांतून विजेचे बारीक ठोके येत, स्नायू आखडत, सैल पडत, तळवे पिशवीच्या तळाशी ताणून बसवलेल्या रबरी पट्टीला रेटा देत. हे ठोके कुठल्या यंत्राने रचलेले नव्हते. पंधरा मिनिटांपूर्वी लोणारात तिचा नवरा देवानंद सरकटे, वय पन्नास, धंद्याने भूकरमापक, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून देणारा, जसा चालला असेल तसेच ते होते. त्याच्याही पायांना पट्टे होते. त्याचे पट्टे ऐकायचे, तिचे बोलायचे. या व्यवस्थेला कागदोपत्री 'सहचाल' म्हणत, आणि पृथ्वीवर चालणाऱ्याला 'चालक'.

घरापासून धारेपर्यंत, म्हणजे विवराच्या कडेवरच्या झऱ्यापर्यंत, डांबरी. तिथे देवाची चाल सरळ, जरा कंटाळलेली. मग धारेच्या पायऱ्या, गुडघा सांभाळत, डावा पाय आधी. मग विवराच्या उतारावरची सुटी खडी, तिथे पोटऱ्या सावध व्हायच्या. सागाखालच्या पाचोळ्यात एक पाऊल किंचित घसरायचं. शेवटी तळ्याकाठचा चिखल. टाच आत रुतायची आणि सुटताना छोटासा हिसका द्यायची. आणि तिथे तो थांबायचा. चार मिनिटं, वजन या पायावरून त्या पायावर घेत. निघण्याच्या आदल्या दिवशी दोघं त्याच काठावर बसले होते. देवा एक शब्द बोलला नव्हता. जा म्हणाला नाही, जाऊ नको म्हणाला नाही. आता त्या चार मिनिटांत तो ते बोलतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पायांना एवढं सगळं कळायचं. फक्त तळ्याचा तो उग्र, खारट वास यायचा नाही. मेहकरहून लग्न होऊन लोणारला आली तेव्हा पहिलं वर्षभर ती त्या वासाला नाक मुरडत होती. आता चमचाभर वासासाठी तिने आठवड्याचा चहा सोडला असता.

"देवा," असं ती कधीकधी पिशवीत पुटपुटायची.

यानाची अभियंता नसीमा मुलाणी, मूळची कऱ्हाडची, शेजारच्या पिशवीत आपल्या धाकट्या बहिणीबरोबर कृष्णाकाठी चालत असायची. पहिल्या वर्षी तिने न राहवून विचारलं होतं, "डॉक्टर, इतकी देवभोळी कशी गं तू? शास्त्र शिकलीस ना?"

"नवऱ्याचं नाव आहे ते."

"अरे देवा," नसीमा म्हणाली होती.

यानात चौघं होते. दोघं एका पाळीत, दोघं दुसऱ्या. सीरीस या लघुग्रहापर्यंत जायचं, तिथलं बर्फ तपासायचं आणि परत यायचं, असा पाच वर्षांचा बेत होता. त्यातली दोन वर्षं सरली होती. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ऋतुजाचा आकडा घसरायला लागला.

चाल संपल्यावर अर्ध्या तासाने बोटाला टोचून थेंबभर रक्त यंत्रात घालायचं, असा नियम होता. यंत्र एक आकडा दाखवायचं. दोन वर्षं ऋतुजाचा आकडा नव्वदीच्या आसपास होता. गेल्या तीन आठवड्यांत तो ऐंशी, सत्तर, एकसष्ट असा पायऱ्या उतरत आला होता. आज चोपन्न.

"यंत्र बिघडलं असेल," नसीमा म्हणाली. "माझा थेंब घालून बघ."

नसीमाचा एक्क्याण्णव आला.

"बरं, मग यंत्र शहाणं आहे," ती म्हणाली. "आता मला एकदा नीट सांग, हा आकडा कशाचा? दोन वर्षं मी तुमचे पट्टे दुरुस्त करतेय, पण आत काय शिजतं ते मला कुणी धड सांगितलेलं नाही."

ऋतुजाने बोटावर कापूस दाबून धरला. "स्नायू म्हणजे नुसते हमाल नव्हेत. कामाला लागले की ते रक्तात निरोप सोडतात. त्यांना आपण स्नायुदूत म्हणतो. हे दूत शरीरभर फिरतात. आतली बारीक सूज उतरवतात, साखर जिरवायला लावतात, आणि रक्तातल्या पहारेकरी पेशींना झोपेतून उठवतात. एखादी पेशी बिघडून पुढेमागे गाठ होणार असेल, तर ती पहारेकऱ्यांना लवकर दिसते. म्हणून पृथ्वीवरसुद्धा जी माणसं नेमानं चालतात, अंग हलवतात, त्यांच्यात काही प्रकारचे कर्करोग कमी दिसतात. आतड्याचा, स्तनाचा, आणखी काही."

"होतच नाहीत?"

"कमी होतात म्हटलं. चालणाऱ्यालाही होतो, बसणाऱ्याचाही टळतो. माझी सासू रोज शेतावर जाऊन-येऊन चार मैल चालायची, तिला झालाच. धोका खाली येतो, एवढंच. पण इथे बाहेरचे किरण सतत पेशी ओरबाडतायत. इथे 'एवढंच' म्हणजे फार झालं. पळपट्ट्यावर आपण तासभर घाम गाळतो, त्याचे पस्तीस धर. त्याहून जास्त वेळ पळायचं तर बर्फ कोण तपासणार? वरचे पन्नास-पंचावन्न सहचालीचे."

"सहचाल रोज येतेय की तुला. मी स्वतः तपासलेत पट्टे. ठोके बरोबर, जोर बरोबर."

"ठोके येतायत. स्नायू ऐकत नाहीत."

नसीमा यंत्राची बाई असली तरी एवढी गोष्ट तिला ठाऊक होती, कारण सहचाल मुळात त्या गोष्टीपायीच जन्माला आली होती.

सुरुवातीला बेत सोपा होता. एका माणसाला एकदा चालवायचं, ते ठोके मुद्रित करायचे आणि यानात रोज वाजवायचे. वीस दिवस आकडे झकास आले. एकविसाव्या दिवसापासून घसरण. शरीराला कळलं, ही तीच. घड्याळाची टिकटिक जशी दोन दिवसांनी ऐकू येईनाशी होते, तसे स्नायू त्या चालीला बहिरे झाले. मग यंत्राकडून उलटीसुलटी चाल रचून घेतली. तीन पावलं, थांब, तेरा पावलं, वळ. ती शरीराने दहा दिवसांतच गोंगाट म्हणून टाकून दिली. शेवटी कळलं ते असं, की कुत्रं आडवं आलं म्हणून थबकलेला, कोथिंबीर राहिली म्हणून मागे फिरलेला, खरा माणूसच लागतो. त्याची चाल रोज त्याचीच असते आणि रोज नवी असते. शरीराला हे दोन्ही हवं.

"म्हणजे तुझ्या पायांना आता जे येतंय..." नसीमाने वाक्य अर्धं सोडलं.

"मुद्रित आहे. आकडा तरी तसंच म्हणतोय."

"आणि देवानंदभाऊ?"

ऋतुजाने कापूस कचऱ्याच्या डब्यात नीट बसवला.

निघण्यापूर्वी चौघांनी एका कागदावर सही केली होती. त्यातलं कलम एकोणतीस असं, की घरची शोकवार्ता परतीचा प्रवास सुरू होईपर्यंत यानाला कळवली जाणार नाही. दुःखातला माणूस झडप लावायला विसरतो आणि चौघं जातात. ऋतुजाला त्या वेळी हे कलम फार शहाणपणाचं वाटलं होतं. मसुदा करणाऱ्या समितीवर डॉक्टर म्हणून तीच होती.

त्यामुळे आता पृथ्वीवरच्या भूकेंद्राला विचारून उपयोग नव्हता. देवा असला तरी ते म्हणणार, तो ठीक आहे. नसला तरी तेच म्हणणार, आणि तिच्याच शब्दांत म्हणणार.

तरी तिने विचारलं. सहचालीचे प्रमुख डॉ. पद्माकर ढवळे यांचं उत्तर तासाभरात आलं. "चालक नियमित आहेत. पावलांची संख्या सर्व जोड्यांमध्ये सर्वोत्तम. गेल्या महिन्यात त्यांचं अभिनंदनही केलं. आपला आकडा चाळीसच्या खाली गेल्यास नियमानुसार राखीव चालक देऊ. काळजी नसावी."

'काळजी नसावी' हे तिने तीनदा वाचलं. दवाखान्यात ती स्वतः हे दोन शब्द नेमके कोणत्या नातेवाइकांना म्हणायची, ते तिला आठवत होतं.

उरल्या देवाच्या चिठ्ठ्या. घरच्यांना आठवड्याला शंभर शब्दांची मुभा होती. चालीची माहिती चिमूटभर जागेत मावते, चेहऱ्याला फार जागा लागते, म्हणून दोन वर्षांत कुणी कुणाचा चेहरा पाहिला नव्हता. देवा शंभरातले बारा-पंधरा शब्द वापरायचा आणि बाकीचे जणू सरकारजमा करायचा. "इकडे सर्व ठीक. तळ्याचं पाणी दोन फूट उतरलं. तुरीला भाव बरा. काळजी घे." देवाला आठवडाभर ओळखणारा कुठलाही कारकून ही चिठ्ठी लिहू शकला असता.

एकोणपन्नास. सेहेचाळीस. त्रेचाळीस.

राखीव चालक म्हणजे पुण्याची एक मुलगी होती, धावण्याच्या शर्यती जिंकलेली. तिचे गुडघे निरोगी होते. ऋतुजाने तिची नमुन्याची चाल एकदा लावून पाहिली. पाय एखाद्या हॉटेलात राहायला गेल्यासारखे झाले. सगळं स्वच्छ, आपलं काही नाही.

पाचव्या दिवशी तिने ती गोष्ट केली, जी एका डॉक्टरने पहिल्याच दिवशी करायला हवी होती. देवाच्या गेल्या काही दिवसांच्या चाली काढून तिने पडद्यावर एकीवर एक ठेवल्या. आधी केलं नाही, त्याला कारण होतं. हल्ली रोज मंगळवारची चाल येत होती. चार महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी देवा पहिल्यांदा तळ्यापर्यंत उतरला होता आणि पहिल्यांदा चार मिनिटं थांबला होता. त्याआधी तो धारेवरूनच मागे फिरायचा. तिला ती चाल इतकी आवडली की तिने तसं कळवलं, आणि मग ती रोज येऊ लागली. आवडती गोष्ट रोज पानात पडायला लागली की माणूस कुठून आली ते विचारत नाही.

सात हजार दोनशे चौदा पावलं. काल तेवढीच, परवा तेवढीच, तेरवा तेवढीच. तीन हजार एकशे दोनाव्या पावलावर थांबणं. पाचोळ्यात घसरणारं पाऊल दोन हजार सहाशे चाळिसावं, रोज तेच.

"पाचोळासुद्धा हलत नाही होय तुमच्याकडे?" नसीमा हळूच म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिला वाईट वाटलं.

"नाही. मुद्रणात नाही हलत."

वजनरहित जागेत अश्रू गळत नाहीत. ते डोळ्यावरच गोळा होऊन बसतात आणि समोरचं सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसतं. नसीमाने तिला फडकं दिलं आणि खांद्याला धरून भिंतीशी टेकवून ठेवलं, नाहीतर रडताना माणूस खोलीभर फिरत राहतो.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा पुन्हा पट्टे बांधायला लागली.

"कशाला?" नसीमा म्हणाली. "एक्केचाळीसवर आलीस. ही चाल तुझ्या काही कामाची नाही, तूच सांगितलंस. त्या पुण्याच्या पोरीला घे."

"उद्या घेते."

"डॉक्टर, पेशंट असं बोलला असता तर काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, एक दिवस जाऊ द्या त्याला."

आणि ती लोणारला गेली. डांबरी, पायऱ्या, खडी. रडून झाल्यावर लक्ष बारीक होतं, आणि शिवाय ही शेवटची वेळ म्हणून ती एकेक पाऊल वेचत होती. म्हणूनच तिच्या ध्यानात आलं. डांबरी रस्त्यावर उजवी टाच कडक वाजत होती.

महिनाभर ती टाच मऊ वाजली होती. देवा उजव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजवायचा. लग्नापासूनची खोड, चांभाराला पाठ झालेली. पाऊल पडताना ते किंचित बाहेर कलायचं, आणि दर आठवड्याला केसभर जास्त. आज ते सरळ पडत होतं. कोरी टाच, नव्या रबराची.

ती तळ्यापर्यंत थांबली नाही. पिशवीची चेन ओढून बाहेर आली ती डोकं छताला आपटूनच.

"नसीमा, मुद्रित चाल चपला झिजवते का?"

"काय?"

"मुद्रण म्हातारं होत नाही. त्याची टाच झिजत नाही. आणि झिजली तरी ते ती बदलून घेत नाही."

दोघींनी मिळून चार महिन्यांच्या सगळ्या चाली मांडल्या. एरवी कुणी इतकं मागे गेलंच नसतं. भूकेंद्रात पावलं मोजली जायची, एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी गाठ घातली जायची नाही. त्या मंगळवारी सात हजार दोनशे चौदा. बुधवारी सात हजार बासष्ट. गुरुवारी सात हजार तीनशे एक. मग सात हजार एकशे ऐंशी. दोनशे तीस. दोनशे सहा. थांबणं कधी तीन मिनिटं, कधी पाच. दहा आठवडे आकडे त्या एका आकड्याभोवती घिरट्या घालत जवळ जवळ येत गेले होते, आणि मग एक दिवस त्यावर बसले आणि उठलेच नाहीत.

नसीमाने पडद्यावरून बोट फिरवलं. "हे मुद्रण नाही. मुद्रणाला पहिल्याच दिवशी सगळं पाठ असतं. हे तर शिकणं आहे. माझी बहीण पोळ्या लाटायला शिकली तसं. आधी नकाशे, मग गोल."

ऋतुजाने आपली जुनी चिठ्ठी शोधून काढली. चार महिन्यांपूर्वीची, त्या मंगळवारची.

"देवा, आजची तुझी चाल फार आवडली. तळ्यापाशी थांबलास, मला कळलं. अशीच चाल. नेमानं चाल. माझा जीव त्यावर आहे."

नेमानं. तिला म्हणायचं होतं, खाडा करू नकोस. पण ती बोलत होती कुणाशी? हल्ली जमिनी उपग्रह मोजतात आणि देवा खुर्चीत बसून खाली सही करतो. काडेपेटी आणायलाही तो गाडी काढायचा. पण त्याच्या वडिलांनी त्याला जुनी विद्या शिकवली होती, पावलाने शेत मोजायची. पाऊल अडीच फुटांचं, ना सूत जास्त ना सूत कमी. बांध हातभर सरकला तर भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, हे तो लहानपणापासून बघत आला होता. 'नेमानं' आणि 'नेमकं' या दोन शब्दांत ऋतुजाच्या लेखी दोन गावांचं अंतर होतं. मोजणीदाराच्या लेखी रेघभरही नव्हतं.

तिने त्याला एक चाल आवडली म्हणून सांगितलं. त्याने ती मोजली, पाठ केली, घसरणाऱ्या पावलासकट घोटली, आणि न चुकता रोज पाठवत राहिला. इतकी बिनचूक, की तिच्या शरीराने त्याला यंत्र समजून दार लावून घेतलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "आणि माझ्यापायी मेल्यासारखा चालतोय."

नसीमा हसली, मग ऋतुजाचा चेहरा बघून थांबली, मग ऋतुजाच हसायला लागली. फडकं पुन्हा लागलं.

पण हसून आकडा वाढत नव्हता. दुसऱ्या दिवशी चाळीस आले. ढवळ्यांना तिने सगळं सविस्तर कळवलं आणि वीस दिवस मागितले. ते जरा ओशाळले असावेत, कारण महिना दिला. आता फक्त देवाला लिहायचं राहिलं होतं, आणि ते होईना. काय लिहायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. हेच तर अवघड होतं.

"लिही की, वेगळं चाल म्हणून," नसीमा म्हणाली. "लोणार काय एवढंसं आहे?"

"लोणार मला पाठ आहे. पंचवीस वर्षं राहिलेय. तो धारेवरून डावीकडे वळला की पुढे काय येणार ते मला आधी कळणार, आणि मला कळलं की शरीराला कळलं. ते जेवढं आधी ओळखेल तेवढं कमी ऐकेल. चार दिवस आकडा वर जाईल, परत खाली."

"मग?"

"मग त्यानं असं जायला हवं, की कुठे चाललाय ते मला कळता कामा नये."

आपल्या बहिणीचा कृष्णाकाठ नसीमाला कधी कंटाळा आणत नव्हता, कारण बहीण धांदरट होती आणि दोन दिवस एका वाटेने जात नव्हती. पहिल्यांदाच तिला त्याबद्दल बरं वाटलं, आणि शेजारणीसमोर ते दाखवू नये असंही.

ऋतुजाने लिहिलं.

"देवा, मंगळवारची चाल आता पुरे. चूक माझ्या शब्दाची, तुझ्या पावलांची नाही. एकसारखं चाललास की शरीर ऐकेनासं होतं. रोज चाल, पण रोज वेगळं. मला ठाऊक नाही अशा वाटेनं जा. लोणारात नको. कुठे गेलास ते सांगूही नकोस. फक्त एवढं सांग, तळ्यापाशी रोज काय म्हणून थांबायचास?"

उत्तराला आठवडा लागला. ते आलं तेव्हा नसीमाने आधी शब्द मोजले, कारण इतकी लांब चिठ्ठी लोणारहून कधी आली नव्हती. मोजून शंभर होते.

"ऋतू, चिठ्ठी मिळाली. काहून आधी नाही सांगितलं? एकशे एकोणीस दिवस तीच वाट चाललो. तू नेमानं म्हणाली, मी वहीत पावलं उतरवून घेतली. एक पाऊल कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी सुधारत होतो. पाचोळ्यातलं घसरणंसुद्धा बसवलं. टाच झिजली तेवढी बदलली, ते चुकलंच. थांबण्याचं विचारलं. त्या मंगळवारी वाटेत वानर बसलं होतं, मोठं, दात दाखवत होतं. ते उठेपर्यंत उभा राहिलो, बस. तू लिहिलं आवडलं, मग रोज तेवढाच वेळ उभा राहू लागलो. वानर नसायचं. चार मिनिटं नुसतं उभं राहून माणूस काय करणार? तुझाच विचार करत होतो. रोज चार मिनिटं, एकशे अठरा दिवस. बाकी तळ्याचं पाणी ठीक. पण वेगळं चालायला जमेल का माहीत नाही. तेही शिकतो. देवा."

"वानर," नसीमा म्हणाली. "चार महिने तू ज्याच्यावर डोळे मिटून बसली होतीस, ते वानर."

"एकच दिवस," ऋतुजा म्हणाली. "पुढचं सगळं माझंच होतं."

वेगळं चालणं देवाला खरंच जमेना. पहिल्या दिवशी तो कुठल्याशा सपाट रस्त्याने गेला, आणि पाय सारखे अडखळत होते, मोजायची सवय मोडताना अडखळतात तसे. दुसऱ्या दिवशी फार भराभर चालला. तिसऱ्या दिवशी मध्येच बसला असावा, कारण बराच वेळ काहीच आलं नाही आणि ऋतुजाचा जीव खालीवर झाला. आकडा चव्वेचाळीस, त्रेपन्न, एकसष्ट असा वर चढत होता. ती तो वहीत लिहायची आणि पट्टे उतरवल्यावर बराच वेळ पिशवीतच राहायची. रोज फिरून येऊनही तिला कुठेच गेल्यासारखं वाटत नव्हतं.

दहाव्या दिवशी पाय निघाले ते लाकडावरून. लाकडाचा पूल असावा, नाहीतर एखाद्या बोटीची फळी. लोणारच्या आसपास अशी फळी तिला आठवेना. पलीकडे मऊ जमीन, नांगरलेली म्हणावी तर फार सरळ. तिथे तो रेंगाळला, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा, वजन एका पायावर टाकून. कुणाशी? मग वळला. ती सवयीने पुढचं पाऊल आधीच टाकायला गेली आणि चुकली, तो भलतीकडेच गेला होता. चार पावलं धावला. हा माणूस धावतो? पंचवीस वर्षांत तिने त्याला धावताना पाहिलं नव्हतं. मग पुन्हा हळू, दमून, उजव्या पायाने काहीतरी बाजूला सारत.

"कुठे आहेस?" तिने पिशवीतल्या अंधारात विचारलं. शेजारी नसीमा आपल्या नदीकाठी होती, तिने ऐकलं असलं तरी ऐकलं नाही.

पंधरा मिनिटांपूर्वी, सत्तावीस कोटी किलोमीटरवर, तो कुठल्यातरी चढाच्या पायथ्याशी आला होता. चढ लांब होता, खडकाळ, तिने आयुष्यात कधी न चढलेला. तिच्या मांड्या ताठल्या, श्वास वाढला, कपाळावर घाम धरला. वर काय आहे ते तिला माहीत नव्हतं. पुढचं पाऊल कुठे पडेल तेही नव्हतं.

ते पडलं, आणि ती त्याच्यामागून वर गेली.